आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण आणि विखुरलेल्या शिबंदीचा प्रश्न : एक पुनर्वाचन

प्रास्ताविक

मराठी गद्याच्या इतिहासात ‘आज्ञापत्रा’चे स्थान निर्विवाद आहे. शं. ना. जोशी, प्र. न. जोशी, विलास खोले आदी अभ्यासकांच्या संपादनांमुळे हा ग्रंथ विद्यापीठीय अभ्यासक्रमांत स्थिरावला, आणि त्यातील दुर्गप्रकरणाचा एखादा उतारा न वाचता मराठी विषयाचा पदवीधर झालेला विद्यार्थी विरळाच सापडेल. या ग्रंथाचे वाचन आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाले आहे. भाषाभ्यासकांनी त्याची शैली पाहिली. फारसी आणि संस्कृत शब्दांची त्यातील सरमिसळ, विध्यर्थी क्रियापदांची लय, आज्ञार्थातील भारदस्तपणा यांवर पुष्कळ लिहिले गेले. इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यातील राजनीती पाहिली आणि कौटिल्यापासून कामंदकापर्यंतच्या परंपरेशी तिचे नाते जोडले. ही दोन्ही वाचने आवश्यक होती. परंतु ज्या माणसाने हा ग्रंथ लिहिला त्याच्यापुढील दैनंदिन अडचण या दोन्ही वाचनांतून निसटते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ती अडचण साधी आहे. राज्याचे सैन्य एका ठिकाणी नाही. ते शेकडो डोंगरमाथ्यांवर लहानलहान तुकड्यांनी पसरलेले आहे. त्यांतील बहुतेक तुकड्यांना वर्षानुवर्षे लढाईचा प्रसंग येत नाही. शत्रू येईल तेव्हा त्या हव्यात, म्हणून त्या राखून ठेवायच्या. जो शत्रू आलेलाच नाही त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या, राजधानीपासून दूर असलेल्या, पगार आणि धान्य खाणाऱ्या या माणसांना शिस्तीत, सज्ज आणि एकनिष्ठ कसे ठेवायचे? आजच्या परिभाषेत सांगायचे तर अनेक ठिकाणी विखुरलेल्या राखीव दलाच्या प्रशासनाचा हा प्रश्न आहे. दुर्गप्रकरण हे या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणून वाचावे आणि ते उत्तर कोल्हापूरच्याच भूमीवर पुढे कितपत टिकले याची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

येथे एक खुलासा करणे आवश्यक वाटते. गेल्या काही वर्षांत शिवकालीन ग्रंथांतून ‘व्यवस्थापनशास्त्र’ शोधण्याची एक लाट आली आहे. व्याख्यानमालांतून आणि कार्यशाळांतून आज्ञापत्रातील वाक्ये उद्योगसमूहांच्या अधिकाऱ्यांना ऐकवली जातात. त्यात वाईट काही नाही. मात्र अशा वाचनात ग्रंथ काळाबाहेर जातो, आणि काळाबाहेर गेलेला ग्रंथ कधी चुकत नाही. आज्ञापत्र चुकते. कोठे चुकते हे पाहण्यातच त्याचा मोठेपणा अधिक कळतो.

सभासदाचा वारसा

दुर्गप्रकरणाचा विचार कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीपासून सुरू करावा लागतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सभासदाने ही बखर १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिली. शिवछत्रपतींच्या ताब्यातील किल्ल्यांची संख्या तो सुमारे २४० देतो. या आकड्याविषयी मतभेद असू शकतात आणि उत्तरकालीन बखरींत तो वाढलेलाही दिसतो. पण सभासदाचा आकडा थोडा कमी धरला, तरी प्रशासनाच्या दृष्टीने चित्र फारसे बदलत नाही. दोनशे ठिकाणी दोनशे लहान वसाहती, प्रत्येकीत कोठार, दारूखाना, पाण्याची टाकी आणि शिबंदी.

सभासदाने वर्णिलेली रचना प्रसिद्धच आहे. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे बरोबरीच्या दर्जाचे. कारभार तिघांनी मिळून करावयाचा. धान्य आणि युद्धसामग्रीचा हिशेब कारखानिसाकडे. मोठ्या घेऱ्याच्या गडावर तटसरनोबत अधिक. खाली दहा-दहांच्या टोळीवर एक नाईक. हवालदार व सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू, अशी जातवार विभागणीही परंपरेने सांगितली जाते. इतिहासकारांनी या रचनेचे वर्णन परस्परनियंत्रणाची योजना म्हणून केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे, ते स्पष्ट शब्दांत मांडले जात नाही. ते असे की एकटा माणूस फितूर होईल, तिघे एकाच वेळी होणार नाहीत. तिघांच्या जाती वेगळ्या ठेवल्या म्हणजे त्यांचे सोयरसंबंध जुळणार नाहीत, आणि सोयरसंबंध नसले की कटाला घर मिळणार नाही. जातिव्यवस्थेचा असा थंडपणे केलेला प्रशासकीय उपयोग आजच्या वाचकाला अस्वस्थ करतो. तो करायलाच हवा.

याच बखरीतील आणखी एक भाग राखीव दलाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे, पण त्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. तो म्हणजे लष्कराच्या पावसाळी छावणीचे वर्णन. पावसाळ्यात फौजेने स्वराज्यात परत यावे, घोड्यांसाठी दाणा, वैरण आणि औषधे आधीच तयार असावीत, पागांवर छप्पर घातलेले असावे. दसऱ्यानंतर आठ महिन्यांच्या मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूची नोंद करावी आणि परत आल्यावर तिच्याशी ताडून पाहावी. ही वर्षचक्राची शिस्त आहे. माणूस वर्षाचा काही काळ मोहिमेवर, उरलेला काळ आपल्या मुलखात; आणि या दोन अवस्थांमधील उंबरठ्यावर कारकून वही घेऊन बसलेला. मराठी मनाने सैन्याची कल्पना करताना शेतीचे वर्ष कधी विसरलेले नाही, याचा हा लेखी पुरावा होय.

दगड, पाणी आणि माणूस

आज्ञापत्र सभासदानंतर सुमारे अठरा वर्षांनी, १७१५ मध्ये सिद्ध झाले. ते कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावे आहे आणि त्याचे कर्तृत्व परंपरेने रामचंद्रपंत अमात्यांकडे दिले जाते. निळो सोनदेवांचे हे चिरंजीव शिवछत्रपतींच्या काळापासून कारभारात होते. राजाराम महाराज जिंजीस असताना ‘हुकूमतपनाह’ या पदवीने त्यांनी महाराष्ट्राचा कारभार सांभाळला. त्यांचे घराणे पुढे बावडेकर म्हणून प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ लिहिला गेला तेव्हा पंत वृद्ध होते आणि १७१६ मध्ये ते वारले. म्हणजे आयुष्यभर किल्ले सांभाळलेल्या, किल्ले गमावलेल्या आणि परत मिळवलेल्या माणसाची ही अखेरची लेखी शिदोरी होय.

दुर्गप्रकरणातील ज्या भागात दगड आणि पाणी यांचा विचार आहे तो वाचताना या अनुभवाची खात्री पटते. गड बांधण्याआधी पाणी पाहावे. पाणी नसेल आणि जागा सोडता येण्यासारखी नसेल तर खडक फोडून टाकी खोदावीत. एखाद्या झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या माऱ्याने झरा आटण्याची शक्यता असते, म्हणून साठवणीचे पाणी वेगळे राखावे. दरवाजा खालून सहज दिसू नये, बुरुजांच्या आड असावा. एकच दरवाजा असू नये, चोरवाट असावी. जवळचा डोंगर गडावर मारा करण्याजोगा असेल तर तो तोडावा किंवा गडाच्या कक्षेत घ्यावा. दारूखाना घरांपासून दूर असावा. तटात उगवलेली झाडेझुडपे काढावीत आणि गडाभोवतीचे रान मात्र राखावे. प्रत्येक सूचनेमागे तिचे कारण आहे. कारण न सांगता आज्ञा देणे ही राजाची रीत असेल, पण पंत कारण सांगतात. वाचणारा हवालदार दोन-चार दिवसांच्या वाटेवर आहे आणि प्रसंग आला तर त्याला स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावा लागणार आहे, याची जाणीव या कारणे देण्यात आहे. विखुरलेल्या तुकड्यांना लिहिलेल्या चांगल्या हुकुमाचे हे पहिले लक्षण मानावे लागेल.

पन्हाळ्यावर अंधारबाव पाहिली, किंवा सामानगडावरील खडकात खोदलेल्या विहिरी पाहिल्या, की हा मजकूर कागदावरून दगडावर उतरलेला दिसतो. अर्थात यांतील बरीचशी बांधकामे आज्ञापत्राच्या आधीची आहेत. पंतांनी दगडात आधीच असलेले शहाणपण कागदावर उतरवले, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. गडहिंग्लज परिसरातील विद्यार्थ्यांना सामानगडावर नेऊन दुर्गप्रकरण शिकवावे, अशी प्रस्तुत लेखकाची फार दिवसांची इच्छा आहे. वर्गात ते निम्मेच शिकवले जाते.

दगड आणि पाणी संपून माणसांचा विचार सुरू होतो तेथे मात्र गद्याचा सूर बदलतो. वाक्ये लांबतात, निषेध वाढतात. आधी ‘असे करावे’ हा घाट प्रधान होता, आता ‘असे करू नये’ हा घाट प्रधान होतो. गडावरील अधिकाऱ्यांची नेमणूक हुजुरातून व्हावी. भीड किंवा शिफारस यांवर होऊ नये. ठरावीक मुदतीने बदल्या व्हाव्यात. व्यसनी, लोभी, अविचारी माणूस ठेवू नये. दगडाविषयी लिहिताना जी शांतता होती ती येथे नाही. पंतांना दगडाचा भरवसा होता, माणसाचा नव्हता. हा सूरबदल म्हणजे ग्रंथाचा दोष नव्हे. दुर्गप्रकरणाचा खरा विषय कोणता, हे त्यातून कळते.

वतनाची भीती

माणसांविषयीच्या सर्व निषेधांत सर्वांत ठळक निषेध वतनदाराविषयीचा आहे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी अशा वतनदारांस त्यांच्या वतनालगतच्या किल्ल्यावर चाकरी देऊ नये, हा दंडक म्हणजे वतनदारांवरील स्वतंत्र प्रकरणात व्यक्त झालेल्या अविश्वासाचाच प्रशासकीय परिपाक होय. वतनदार हा पंतांच्या दृष्टीने लहान प्रमाणावरील राजाच. त्याला परचक्राचे भय नाही. राज्य कोणाचेही येवो, वतन कायम राहिले म्हणजे झाले. असा माणूस आपल्या गावच्या डोंगरावर बसला, तर शत्रू पायथ्याशी येताच तो गड आणि वतन यांची अदलाबदल करील, ही त्यांची भीती.

ही भीती अनुभवातून आलेली होती. औरंगजेबाने १६९९ नंतर स्वतः सह्याद्रीतील किल्ल्यांची मोहीम चालवली, तेव्हा कित्येक किल्ले दीर्घ लढ्यानंतर पैशांच्या वाटाघाटीने त्याच्या हाती गेले. १७०२ मध्ये विशाळगडही असाच गेला. अर्थात किल्ला देऊन पैसा घ्यायचा आणि पुढे तोच किल्ला परत जिंकायचा, हे मराठ्यांच्या बाजूने एक धोरणही होते. त्या धोरणाने राज्य वाचवले, हे मान्य करावे लागते. पण अशा धोरणाचा शिबंदीच्या मनावर काय परिणाम होत असेल? गड विकता येतो, हे एकदा वरिष्ठांनीच दाखवून दिल्यावर कनिष्ठांना ते विसरायला कोण लावणार? दुर्गप्रकरणातील कठोरपणा हा काही अंशी या प्रश्नाला दिलेला उशिराचा प्रतिसाद वाटतो.

येथे एक अंतर्विरोध उद्भवतो. सभासद सांगतो की नव्या माणसाला चाकरीस घेताना जुन्या चाकराचा जामीन घेतला जात असे. आज्ञापत्र सांगते की गडावरील अधिकाऱ्यांच्या बदल्या कराव्यात आणि वतनदारास वतनाजवळ ठेवू नये. जामीन ओळखीवर चालतो. ज्याचे गाव, भाऊबंद आणि सोयरे माहीत आहेत त्याचाच जामीन कोणी घेतो. बदली नेमकी ती ओळख तोडते. म्हणजे नेमणुकीच्या क्षणी राज्य माणसाच्या मुळांवर विश्वास ठेवते आणि नेमणूक झाल्यावर त्याच मुळांना घाबरते. हा अंतर्विरोध पंतांच्या बुद्धीतील गोंधळ नव्हे. स्थानिक माणसांतून उभारलेल्या कोणत्याही राखीव दलाच्या पोटात तो असतो. स्थानिक माणूस हवा, कारण त्याला डोंगर, वाटा, पाऊस आणि रान माहीत आहे. स्थानिक माणूस नको, कारण त्याला गडाखेरीज आणखी काही राखायचे आहे. आज्ञापत्र या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवते आणि त्यांतून मार्ग काढण्याचे काम ‘हुजूर’ या शब्दावर सोपवते.

हुजूर कोणता?

दुर्गप्रकरणाची संपूर्ण इमारत ‘हुजूर’ या एका शब्दावर उभी आहे. नेमणूक हुजुरातून, बदली हुजुरातून, तक्रार हुजुरात. दोनशे तुकड्या एकमेकींना बांधलेल्या नाहीत. प्रत्येक तुकडी वेगळ्या दोरीने एकाच खुंट्याला बांधलेली आहे. हा खुंटा अढळ असेल तर रचना उत्तम चालते. पण १७१५ मध्ये तो अढळ नव्हता.

ग्रंथाच्या आधीची आठ वर्षे पाहिली की हे ध्यानात येते. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून परतले. खेडच्या लढाईनंतर ते साताऱ्यावर चालून गेले. साताऱ्याचा किल्ला परशुरामपंत प्रतिनिधींच्या हाती होता, पण किल्लेदार शेख मिरा याने तो शाहूंच्या स्वाधीन केला. त्याचे कुटुंब वाईस शाहूंच्या हाती सापडले होते, असे सांगितले जाते. जानेवारी १७०८ मध्ये शाहूंचा राज्याभिषेक झाला. शेख मिराने केले ते काय म्हणायचे? ताराबाईंच्या दृष्टीने फितुरी. शाहूंच्या दृष्टीने निष्ठा. त्याने गड परक्याला दिला नाही, छत्रपतींच्या वंशातील दुसऱ्या वारसाला दिला. तिघांची बरोबरी, तीन जाती, जामीन, बदल्या ही सारी योजना लाच घेऊन गड विकणाऱ्याला रोखण्यासाठी होती. दोन छत्रपती उभे राहिल्यावर प्रामाणिक हवालदाराने काय करावे, याचे उत्तर तिच्यात नव्हते. आज्ञापत्रातही ते नाही.

याहून तीक्ष्ण विसंगती पुढे आहे. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर सत्तांतर झाले. ताराबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांना कैदेत टाकून राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. या घटनेत रामचंद्रपंतांचा सहभाग होता, असे इतिहासकारांनी मानले आहे. तसे असेल तर एकनिष्ठेचे हे दुर्गप्रकरण ज्या हाताने लिहिले, त्याच हाताने वर्षभरापूर्वी राज्यातील पहिल्या प्रतीच्या गडावर राजा बदलला होता. हा योगायोग टीकाकारांनी फारसा मनावर घेतलेला नाही. पंतांचा अनादर होईल, अशी भीती कदाचित वाटत असावी. पण या माहितीने ग्रंथाचे मोल कमी होत नाही. उलट ‘असे करू नये’ या वाक्यांना एक वेगळाच ताण प्राप्त होतो. गड आतून कसा घेतला जातो, हे ठाऊक असलेला माणूस तो आतून घेता येऊ नये म्हणून लिहितो आहे. संशय हा येथे उपदेशकाचा नाही, जाणकाराचा आहे.

प्रश्नाची गंभीरता पुढे दोन्ही राज्यांना उमगली होती, असे १७३१ च्या वारणेच्या तहावरून म्हणता येते. एकाकडील चाकर दुसऱ्याने ठेवू नयेत, अशा आशयाचे कलम त्या तहात आहे. जे काम आज्ञापत्र आपल्या शिबंदीला उपदेश करून साधू पाहत होते, ते सोळा वर्षांनी सातारा आणि कोल्हापूर यांना परस्पर करार करून साधावे लागले. दोन खुंटे आहेत हे मान्य केल्यावरच दोऱ्या मोजता आल्या.

१८४४ : गडकऱ्यांचा जबाब

दुर्गप्रकरणावरील सर्वांत कठोर टीका कोणा पंडिताने लिहिलेली नाही. ती कोल्हापूर संस्थानातील गडकऱ्यांनी १८४४ मध्ये केली.

शिवकाळात पगार रोखीने देण्यावर भर होता. जमिनी तोडून देण्याची रीत राज्याला घातक, हा विचार आज्ञापत्रातही वृत्ती व इनामांच्या संदर्भात आग्रहाने आला आहे. पण पुढच्या शतकात कोल्हापूरच्या किल्ल्यांवरील शिबंदी जमिनीवर बसली. गडकरी हा पिढीजात झाला. गडाच्या पायथ्याला त्याची शेते, गडावर त्याची चौकी. गडाखालची गावे गडाच्याच कारभारात. ज्या वतनदाराला पंतांनी गडापासून काही कोस दूर ठेवायला सांगितले होते, तो शंभर वर्षांत गडकऱ्याचेच रूप घेऊन गडावर चढला होता. बदली नावाचे हत्यार बोथट झाले होते. ज्याचे शेत पायथ्याशी आहे त्याची बदली कोठे करणार?

आणि तरीही ही व्यवस्था चालत होती, हे लक्षात घ्यावे लागते. ती अर्धवेळ सैनिकांची व्यवस्था होती. पेरणीच्या दिवसांत शेतात आणि पाळी आली की पहाऱ्यावर, अशी. दरबाराला तिचा रोख खर्च जवळजवळ नव्हता. गडकऱ्याला मान होता आणि जमिनीची शाश्वती होती. लष्करी दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील तोफांपुढे या शिबंदीचा उपयोग मर्यादित होता, हे खरे आहे. पण तिचे सामाजिक वजन मोठे होते.

१८३८ नंतर महाराज अल्पवयीन असल्याने कोल्हापूरच्या कारभारात इंग्रजांचा हस्तक्षेप वाढत गेला आणि त्यांनी दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमले. आर्थिक शिस्त आणण्याच्या हेतूने जे फेरफार झाले, त्यांत गडांच्या जमिनी व गावे यांचा कारभार गडाकडून काढून मामलतदारांकडे देण्याचा फेरफार होता. कागदावर ही सुधारणा निर्दोष होती. प्रत्येक गडाचा वेगळा हिशेब ठेवण्यापेक्षा महसुलाचा हिशेब एका ठिकाणी आणणे कोणालाही शहाणपणाचेच वाटेल. पण गडकऱ्याने त्यात वेगळेच वाचले. जमीन मामलतदाराकडे गेली म्हणजे चाकरी संपली, आणि चाकरी संपली की जमीनही जाणार. जमीन आणि चाकरी हे त्याच्या लेखी एकाच वस्तूचे दोन भाग होते. सुधारकाने त्यांतील एक उचलून दुसऱ्या वहीत लिहिला, एवढेच.

जुलै १८४४ मध्ये सामानगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंड भुदरगड आणि पन्हाळ्यापर्यंत पसरले, सावंतवाडीकडेही त्याचे पडसाद उमटले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स बंडखोरांच्या हाती सापडला आणि त्याला पन्हाळ्यावर ठेवण्यात आले. जनरल डेलामोटच्या फौजेने ऑक्टोबरमध्ये सामानगड घेतला आणि डिसेंबरच्या प्रारंभी पन्हाळा पडला. पुढे किल्ल्यांची तटबंदी व दरवाजे पाडण्याचे काम झाले. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्या वेळी गेला, तीन दरवाजा तेवढा राहिला.

राष्ट्रीय इतिहासलेखनात हे बंड १८५७ च्या पूर्वतयारीतील एक प्रसंग म्हणून येते. ते अयोग्य नाही, पण अपुरे आहे. बंडाचा तात्कालिक विषय परकीय सत्ता एवढाच नव्हता. विखुरलेली तुकडी वरच्या कचेरीशी कोणत्या धाग्याने बांधलेली आहे, हे न पाहता तो धागा तोडला गेला, हाही त्याचा विषय होता. पंतांचे भाकीत येथे अर्धे खरे ठरले. जमिनीला चिकटलेला शिपाई हुजुराचे ऐकत नाही, हे खरे ठरले. पण तो शत्रूपुढे गड सोडतो, हे खोटे ठरले. जमिनीला चिकटलेल्या याच शिपायांनी, हुजूर इंग्रजांच्या मुठीत असताना, गड अखेरपर्यंत धरला. वतन माणसाला गडाशी बेइमान करते असे आज्ञापत्राने मानले. वतन माणसाला हुजुराशी बेइमान आणि गडाशी इमानी करू शकते, हा तिसरा पर्याय त्याच्या कल्पनेत नव्हता.

टेंबलाईच्या परिसरात

कोल्हापुरातील वाचकाला हा विषय केवळ जुना वाटू नये, याला एक कारण आहे. टेंबलाई टेकडीच्या परिसरात मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न अशी प्रादेशिक सेनेची १०९ वी पलटण आहे. प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे औपचारिक उद्घाटन झाले. तिची मूळ कल्पना अशी की नागरिकाने आपला उद्योग, नोकरी किंवा शेती न सोडता वर्षातून ठरावीक काळ लष्करी शिक्षण घ्यावे आणि गरज पडेल तेव्हा त्याला सेवेत बोलवावे. भरतीच्या दिवसांत आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या तरुणांच्या रांगा शहराने अनेकदा पाहिल्या आहेत. त्या रांगांतील किती जणांना ही अर्धवेळ सेवा आहे हे पुरते ठाऊक असते, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. गावाकडे ‘मिलिटरीत लागला’ एवढेच कळते.

या दलाच्या प्रशासनात आज्ञापत्रातील जुना अंतर्विरोध नव्या वेषात आढळतो. माणूस एका जागी शेतकरी, दुसऱ्या जागी सैनिक. तुकड्या मुख्य ठाण्यापासून दूर, कधी फार दूरच्या राज्यांत कामावर. निवृत्तिवेतनासाठी मोजली जाते ती प्रत्यक्ष सेवेत बोलावलेली वर्षे. म्हणजे ज्या काळात तो घरी असतो तो काळ हिशेबात येत नाही, आणि जो काळ हिशेबात येतो त्यात घर दुरावते. साहजिकच जवानाचा ओढा बोलावले जाण्याकडे असतो, आणि मूळ कल्पनेतील ‘नागरिक’ हळूहळू पुसट होत जातो. सभासदाच्या कारकुनाने दसऱ्याला आणि पावसाळ्याच्या तोंडावर जी नोंद घेतली, तीच नोंद आज हजेरीपटात घेतली जाते. फरक एवढाच की त्या नोंदीत माणसाजवळच्या चीजवस्तू लिहिल्या जात, आणि आता त्याचे दिवस लिहिले जातात.

तुलना यापुढे ताणणे योग्य नव्हे. गडकऱ्याला चाकरीच्या बदल्यात जमीन होती, आजच्या जवानाला वेतन आणि कायद्याचे संरक्षण आहे; आणि हुजूर कोणता हा प्रश्न प्रजासत्ताकात उरलेला नाही. पण जामीन आणि बदली यांच्यातील ओढाताण उरली आहे. स्थानिक भरती हवी, कारण पलटणीला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याची माणसे एकमेकांना धरून राहतात हे ठाऊक आहे. आणि त्या माणसांना त्यांच्या गावापासून दूर पाठवावे लागते, कारण काम तेथे आहे. दुर्गप्रकरणाचे वाचन करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने या पलटणीतील पाच-दहा निवृत्त जवानांच्या मुलाखती घेऊन, पेरणीच्या काळात बोलावणे आले तेव्हा घरची शेती कोणी केली एवढे जरी लिहून काढले, तरी आज्ञापत्राच्या अभ्यासाला ती मोलाची पुरवणी होईल. सभासदाने फौजेला दसऱ्यालाच का निघायला लावले, हे त्या मुलाखतींतून पुस्तकापेक्षा लवकर कळेल.